ऐतिहासिक प्रेमकथेतली पुस्तकवेडी स्थलांतरित मुलगी: तिला नायकाचा ग्रंथसंग्रह कशाला हवा?

कागदफूल

जहाजातून उतरलेली, बोचक्यात दोन कपडे आणि एक पुस्तक घेऊन आलेली मुलगी हे ऐतिहासिक प्रेमकथांमधलं माझं सगळ्यात लाडकं पात्र. अशा कादंबऱ्या मी मिळेल तिथून मिळवून वाचत असते. त्यातल्या एका ठरावीक प्रसंगाबद्दल बरेच दिवस बोलायचं होतं, म्हणून हा धागा.

प्रसंग तुम्हालाही पाठ असेल. नायिका गरीब, परदेशातून आलेली, वाचनाची भुकेली. नायक पैसेवाला. तो तिला आपल्या घरातल्या एका दालनात नेतो. छताला टेकलेली कपाटं, सरकती शिडी, चामडी बांधणीची पुस्तकं. "यातलं हवं ते घे," असं तो म्हणतो आणि तिथेच ती मनाने त्याची होते.

इंग्लंडमधल्या १८२० च्या आसपासच्या कथेत हा प्रसंग चपखल बसतो. त्या दशकात तीन खंडांची नवी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना मिळायची. मोलमजुरी करणाऱ्या मुलीच्या स्वप्नातही ती येणार नाही. वाचनालयं होती, पण वर्गणीची. म्हणजे पुस्तक मिळणार ते कुणाच्या तरी मेहेरबानीनेच. तिथे दालन उघडून देणारा नायक खरोखरच तिचं जग उघडून देतो.

हाच प्रसंग उचलून न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये १९१० साली नेऊन ठेवला, की मला तो अजिबात पटत नाही. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने १९०१ मध्ये न्यू यॉर्कला शाखा-वाचनालयांसाठी सुमारे ५२ लाख डॉलर दिले आणि पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली वाचनालयं उभी राहिली. सिवर्ड पार्कची शाखा १९०९ ची. आजूबाजूला रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबांची दाटीवाटीची वस्ती. आत यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा), हिब्रू आणि रशियन पुस्तकं. उन्हाळ्यात वाचकांना गच्चीवर बसता यावं म्हणून तिथे वाचनकक्षच बांधला होता. ५व्या अव्हेन्यूवरची वाचनालयाची संगमरवरी मुख्य इमारत १९११ च्या मे महिन्यात लोकांसाठी खुली झाली, तेव्हा वाचकाच्या हाती पडलेलं पहिलं पुस्तक रशियन भाषेतलं होतं. टॉल्स्टॉय आणि नीत्शे यांच्या नीतिविचारांवरचं. चिठ्ठी दिल्यापासून सहा-सात मिनिटांत ते खालच्या कपाटांतून वर आलं. शहराच्या सगळ्यात भव्य इमारतीत पहिल्या दिवशी पहिलं पुस्तक निघतं ते स्थलांतरितांच्या भाषेतलं, आणि तेही एक पैसा न मोजता! असं असताना आपली नायिका कुणा कारखानदाराच्या दिवाणखान्यातलं कपाट बघून का विरघळावी?

माझं म्हणणं एवढंच आहे, की पुस्तक फुकट झालं त्या दिवशी प्रेमकथेचा नायक बदलायला हवा होता. या मुलीला पुस्तक कमी नव्हतंच. कमी होता वेळ, उजेड आणि शांतता. ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यांत मुली आठवड्याचे सहा दिवस राबायच्या, हंगामात तर रात्री उशिरापर्यंत. घरी आई-वडील, भावंडं आणि वर भाडं भागवायला ठेवलेले एक-दोन भाडेकरू. जुन्या चाळींमधल्या आतल्या खोल्यांना खिडकीच नसायची. गॅसच्या दिव्याला मीटर असायचा, त्यात २५ सेंटचं नाणं टाकायचं. नाणं संपलं की उजेड संपला. हे मीटर मला एकाही प्रेमकथेत भेटलेलं नाही. आपल्या मजुरीतलं नाणं निमूटपणे मीटरमध्ये टाकून बाहेर जाणारा एखादा भाडेकरू मला हजार पुस्तकांच्या मालकापेक्षा कितीतरी जास्त प्रेमिक वाटेल.

आणि ही माझी कल्पनेची भरारी वाटत असेल तर क्लारा लेमलिचकडे बघा. युक्रेनमध्ये जन्मलेली ज्यू मुलगी. गावच्या रशियन शाळेत ज्यूंना प्रवेश नाही, म्हणून वडिलांनी चिडून घरात रशियन भाषेलाच बंदी घातलेली. ही काय करायची? शिंप्यांसाठी काजं करून द्यायची, लिहिता न येणाऱ्या आयांना अमेरिकेतल्या मुलांसाठी पत्रं लिहून द्यायची आणि त्या पैशांतून चोरून रशियन पुस्तकं घ्यायची. वडिलांच्या हाती लागली तेव्हा त्यांनी ती जाळली. तिने पुन्हा पैसे साठवले. न्यू यॉर्कला आल्यावर कारखान्यातून सुटली की ती थेट ईस्ट ब्रॉडवेवरच्या वाचनालयात जायची. हीच मुलगी २२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियन या कॉलेजच्या सभागृहात उठून यिडिशमध्ये बोलली आणि न्यू यॉर्कच्या हजारो शिवणकामगार मुली संपावर गेल्या. तेव्हा ती २३ वर्षांची होती. पुढे १९१३ मध्ये तिने लग्न केलं ते एका छापखान्यातल्या कामगाराशी.

छापखान्यातला कामगार! यापेक्षा चांगला नायक कुठली कादंबरी देणार आहे?

तुम्ही काय वाचलंय, काय वाचायला आवडेल, कोणता काळ, कोणतं शहर, सगळं लिहा.

तिन्हीसांज

कागदफूल, मीटरचा मुद्दा फार आवडला. पण सगळ्याच स्थलांतरित मुली चाळीत राहत नव्हत्या. आयर्लंडहून आलेल्या मुलींचं चित्र वेगळं होतं. त्या मोठ्या संख्येने एकट्या यायच्या, अविवाहित, आणि घरकामाला लागायच्या. बॉस्टनमधल्या जुन्या श्रीमंत घरात राहून काम करणारी आयरिश मुलगी घेतली तर ते दालन, ती शिडी, ती पुस्तकं तिच्या रोजच्या वावरातली आहेत. फक्त धूळ पुसण्यापुरती. आणि १९०० च्या सुमाराला येणाऱ्या बहुतेकींना वाचता येत होतं, आयर्लंडमध्ये १८३१ पासून सरकारी मदतीच्या शाळा होत्या. म्हणजे पुसता पुसता पुस्तकाचं नाव वाचायचं, पण उघडायचं नाही. रोज.

मला अशा कथेत काय हवंय सांगते. घरकाम करणाऱ्या मुलींना सुट्टी मिळायची ती साधारण गुरुवारी दुपारनंतर आणि एक आड एक रविवारी. रविवार चर्च आणि नातेवाइकांत जाणार. उरला गुरुवार. बॉस्टनचं सार्वजनिक वाचनालय कॉपली चौकातल्या नव्या इमारतीत १८९५ ला गेलं. त्याच्या दारावर दगडात कोरलंय, 'सर्वांसाठी मोफत'. आता एक मुलगी आहे, तिच्याकडे आठवड्यात एकच मोकळी दुपार आहे, आणि एक मुलगा त्या दुपारी तिला फिरायला चल म्हणतोय. ती कुठे जाईल? पहिल्या गुरुवारी ती वाचनालयात गेली तर तो रुसेल की तिच्याबरोबर तिथे येऊन बसेल? त्याला स्वतःला वाचता येत नसेल तर? अख्खी कादंबरी गुरुवारांवर उभी राहते.

पगार साठवून गावी पाठवायचा, त्यातून धाकट्या बहिणीचं तिकीट काढायचं, हा भागही यायलाच हवा. पुस्तकवेडी असली तरी तिच्या डोक्यात बहिणीचं तिकीट आधी असणार.

रानवारा

थोडा वेगळा सूर लावतो.

दालनाच्या प्रसंगावर तुम्ही जरा अन्याय करताय असं वाटलं. त्या प्रसंगात वाचकाला भुरळ पडते ती पुस्तकांच्या संख्येची नसते. त्या खोलीला दार असतं, आणि ते लावून घेता येतं. एका खोलीत आठ माणसांत वाढलेल्या मुलीला कुणीतरी म्हणतंय, इथे बस, तुला कुणी उठवणार नाही. वाचनालय कितीही मोफत असलं तरी तिथे वेळ संपली की उठावं लागतं, शेजारी कुणी खोकतं, समोरचा टक लावून बघतो. प्रेमकथा वाचणारा माणूस दिवसभर राबून आलेला असतो. त्याला ते लावून घेता येणारं दार हवं असतं. इतिहासाच्या अचूकतेपायी ते काढून घेऊ नका.

कागदफूल

रानवारा, दाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मला वाटतं तो माझ्याच बाजूचा आहे. भूक दाराची असेल तर लेखकाने दार द्यावं, पुस्तकांचा डोंगर कशाला? १९१० च्या न्यू यॉर्कमध्ये हे 'दार' कुठे सापडेल याचा शोध लेखकाने घ्यावा. सिवर्ड पार्कची गच्ची. रविवारी बंद असलेल्या छापखान्यातली मागची खोली. रात्रशाळेचा वर्ग सुटल्यानंतरची दहा मिनिटं. या जागा त्या शहराच्या आहेत. दालन उसनं आणलेलं वाटतं, कारण ते दुसऱ्या देशातल्या, शंभर वर्षं जुन्या कथेतून आलेलं आहे.

तिन्हीसांज, गुरुवारची कल्पना अप्रतिम आहे. लिहा ना खरंच.

जुनं_पान

या सगळ्यात कायद्याचा विषय कुणीच काढला नाही. खरं नाट्य तिथे आहे.

अमेरिकेत १८५५ च्या कायद्याने परदेशी स्त्रीने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं की ती त्याच क्षणी नागरिक व्हायची. अट एकच, नागरिकत्व मिळू शकणाऱ्या वंशातली ती असावी. त्यामुळे गोऱ्या युरोपीय मुलींना हा रस्ता खुला आणि चिनी-जपानी मुलींना बंद. उलट बाजूने बघा. १९०७ च्या कायद्यानुसार अमेरिकन स्त्रीने परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व जायचं. ती तिथेच जन्मलेली असली तरी, कधी देश सोडून गेलेली नसली तरी. एक बाई याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९१५ मध्ये हरली. हे चित्र बदलायला १९२२ चा केबल कायदा यावा लागला.

आता याचा प्रेमकथेत काय उपयोग? पुस्तकवेडी मुलगी १९०८ साली एका नागरिक मुलाच्या प्रेमात पडली, तर त्याची आई पहिल्याच भेटीत विचारणार, 'प्रेम पोरावर आहे की कागदांवर?' आणि त्या मुलीलाही मनात हा प्रश्न छळणार. तिला परत पाठवलं जाण्याची भीती असेल तर आणखीच. दुसरीकडे वाचनालयात काम करणारी, तिथेच जन्मलेली मुलगी आणि नुकताच आलेला मुलगा अशी जोडी घेतली, तर लग्नाच्या दिवशी ती स्वतःच्याच शहरात परकी होणार. चर्चमधून बाहेर पडताना तिच्या हातात फुलं असतील आणि डोक्यावरून देश गेलेला असेल. हे इतकं मोठं आयतं कथानक असताना लेखक गैरसमजाच्या एका चिठ्ठीवर तीनशे पानं कशी ओढतात हे मला कळत नाही.

जाता जाता एक. बंदरावरच्या अधिकाऱ्याने नायिकेचं नाव बदलून टाकलं, हा प्रसंग कृपया कुणी लिहू नका. न्यू यॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या तपासणी केंद्रावरचे निरीक्षक नावं लिहीत नसत. जहाज सुटतानाच प्रवाशांच्या याद्या तयार व्हायच्या आणि निरीक्षक त्या यादीवरून प्रश्न विचारायचे, सोबत दुभाषे असायचे. नावं बदलली ती बहुतेक नंतर, लोकांनी स्वतःच, शाळेत, कारखान्यात, दुकानाच्या पाटीवर. आणि स्वतःचं नाव स्वतः बदलणारी नायिका जास्त रंजक आहे, नाही का?

दूरदेशी

सगळे न्यू यॉर्क-बॉस्टनमध्येच रमलात, म्हणून पश्चिम किनाऱ्याबद्दल लिहिते. हा भाग मला खूप जवळचा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. १९१० ते १९४० तिथे स्थलांतरितांची चौकशी व्हायची. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने बंदी होती, तर १८७५ च्या पेज कायद्यामुळे चिनी बायकांकडे त्याआधीपासूनच संशयाने पाहिलं जायचं. नागरिकांच्या मुलांना मात्र प्रवेश होता. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातल्या जन्मनोंदी जळाल्या आणि अनेकांनी आपला जन्म इथलाच, म्हणजे आपण नागरिक, असा दावा केला. मग चीनमधून त्यांची 'मुलं' येऊ लागली. काही खरी, पुष्कळशी फक्त कागदावरची. मुलगे जास्त, पण मुलीही होत्या.

आता पुस्तकाकडे येते. या मुलांना प्रवासात एक टिपणवही दिलेली असायची. त्यात त्या खोट्या घराची सगळी माहिती. गावात घरं किती, घराला पायऱ्या किती, तांदळाचं पिंप कुठे ठेवतात, शेजारच्या म्हाताऱ्याला मुलं किती. चौकशीत अधिकारी असलेच प्रश्न विचारायचे आणि वडील म्हणवणाऱ्या माणसाच्या उत्तरांशी ताडून बघायचे. वही तोंडपाठ करायची आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात टाकून द्यायची.

कल्पना करा, वाचनवेडी मुलगी आहे, आयुष्यात तिच्या वाट्याला आलेलं पहिलं स्वतःचं 'पुस्तक' हेच. त्यातलं घर तिचं नाही, आई तिची नाही, पण वाचून वाचून तिला ते घर आवडायला लागलंय. आणि बोटीवरच्या एका मुलाच्या वहीत दुसरं घर आहे. दोघं डेकवर बसून एकमेकांची परीक्षा घेतात, तुझ्या घरामागे काय आहे, तुझ्या आजीचे पाय जुन्या चिनी रीतीप्रमाणे लहान राहावेत म्हणून बांधलेले आहेत का. दोघांनाही एकमेकांचं खरं नाव विचारायची सोय नाही.

अजून एक गोष्ट, जी मला सतत छळते. पुरुषांच्या बराकीच्या लाकडी भिंतींवर अटकेतल्या लोकांनी कोरलेल्या चिनी कविता आजही आहेत. १९७० मध्ये त्या नजरेस आल्या म्हणून इमारत पाडली गेली नाही. बायकांना मात्र प्रशासकीय इमारतीत ठेवायचे, आणि ती १९४० च्या आगीत जळाली. त्या भिंतींवर काय लिहिलेलं होतं ते कायमचं गेलं. ऐतिहासिक कादंबरीला यापेक्षा मोठी मोकळी जागा कुठली? कुणीतरी त्या बाईची एक कविता कल्पनेने लिहावी, प्रेमाची, अटकेची, आणि कथा तिच्याभोवती बांधावी.

रानवारा

दूरदेशी, अंगावर काटा आला. डेकवरचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. यापुढे मला दालन नको.

तिन्हीसांज

दूरदेशींना दंडवत. वही समुद्रात टाकायची वेळ येते तेव्हा मुलाने तिची वहीही हातात घेतलीय आणि तिला सोडवत नाहीये, एवढ्या एका क्षणासाठी मी अख्खी कादंबरी वाचेन.

मूळ विषयाकडे येऊन एक नाव घेते, अँझिया येझियेर्स्का. पोलंडहून लहानपणी आलेली, लोअर ईस्ट साइडमध्ये वाढलेली, पुढे तिथल्याच मुलींच्या कथा लिहून नावारूपाला आली. १९१७ च्या सुमारास ती कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसायची. तो तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा आणि विवाहित. दोघांमध्ये काहीतरी जुळलं आणि फार टिकलं नाही. त्याने तिच्यासाठी कविता लिहिल्या होत्या. त्या त्याच्या मृत्यूनंतर सापडल्या आणि १९७७ मध्ये पुस्तकात आल्या. तिच्या कथांत मात्र असा माणूस पुन्हा पुन्हा येतो, वयाने मोठा, शांत, गोरा, प्रतिष्ठित, आणि शेवटी परका.

दालनाच्या प्रसंगाचा खरा शेवट मला इथे दिसतो. विद्वान पुरुषाला स्थलांतरित मुलीची भूक मोहक वाटते. तिचं शिक्षण पूर्ण झाल्यावर तिच्याशी बरोबरीने कसं वागायचं हे त्याला सुचत नाही. यावर कुणी धीटपणे लिहिलं तर ती प्रेमकथा मोडलेली असली तरी मला चालेल. सगळ्यांनी लग्नच करायला हवं असं नाही.

सावरी

नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी अशीच एक कथा लिहायला घेतली आहे, एकटी जहाजाने न्यू यॉर्कला येणारी मुलगी, पुस्तकवेडी. पण साल ठरत नाहीये. १९०९ चा संप घेऊ का? की त्यानंतरची ट्रँगल या ब्लाउजच्या कारखान्याची आग? तुमच्यापैकी कुणी सुचवाल का?

कागदफूल

सावरी, स्वागत. आगीबद्दल माझं मत आधी सांगते. २५ मार्च १९११, १४६ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली, एक दार कुलूपबंद होतं. या प्रसंगाचा वापर नायक-नायिकेला एकत्र आणण्यासाठी झालेला मला बघवत नाही. आगीतून नायक नायिकेला उचलून आणतो आणि बाकीच्या मुली मागे पार्श्वभूमी म्हणून मरतात, हे नको. त्या मुलींपैकी दोन-तीन जणी आधीच्या दोनशे पानांत नावानिशी जगलेल्या असतील, पुस्तकांची अदलाबदल करणाऱ्या असतील, तरच तिथे जावं.

१९०९ चा संप उत्तम आहे, पण त्यावर लिहिलंही बरंच गेलंय.

जुनं_पान

सावरी, १९२० घ्या. कारणं देतो.

१९१७ च्या कायद्याने १६ वर्षांवरच्या स्थलांतरितांना साक्षरतेची परीक्षा आली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला होता, अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तो डावलला. परीक्षा अशी, की आपल्या भाषेतले ३० ते ४० शब्द वाचून दाखवायचे. प्रवेश मिळू शकणाऱ्या पुरुषाची बायको, आई, आजी किंवा अविवाहित मुलगी असेल तर सूट. धार्मिक छळातून पळून आलेल्यांनाही सूट होती. बाकी एकटी येणारी असेल तर वाचावंच लागणार. म्हणजे तुमच्या नायिकेच्या वाचनवेडाचा कथेत प्रत्यक्ष उपयोग होतो, ती त्याच्या जोरावर आत येते. आता तिच्याबरोबर बोटीवर एक निरक्षर मैत्रीण द्या, जी ठरलेल्या नवऱ्याकडे निघालीय. लग्न अजून झालेलं नाही, म्हणून सूट नाही. अटलांटिक ओलांडायला लागणाऱ्या आठ-दहा दिवसांत तिला चाळीस शब्द वाचायला शिकवायचं आहे. त्यात मैत्रिणीला अमेरिकेतून आलेली प्रेमपत्रं आतापर्यंत गावचा कुणीतरी वाचून दाखवत होता. बोटीवर पहिल्यांदा आपली नायिका ती वाचते, आणि लिहिणाऱ्या माणसाची भाषा तिला आवडायला लागते. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

शिवाय १९२० मध्ये देशनिहाय कोटा अजून आलेला नाही, तो १९२१ चा. केबल कायदाही नाही. ऑगस्ट १९२० मध्ये स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला. म्हणजे त्या शरद ऋतूत नागरिकाशी लग्न करणारी स्थलांतरित मुलगी एका दिवसात नागरिक तर होतेच, शिवाय राज्याच्या वास्तव्याच्या अटी पूर्ण झाल्या की पुढे मतदारही होऊ शकते. मात्र तिच्या शेजारची, तिथे जन्मलेली मुलगी परदेशी नवरा केला म्हणून मतदान करू शकत नाही. दोघी एकाच जिन्यात राहतात असं दाखवा.

सावरी

जुनं_पान, पत्रांची कल्पना वाचून आत्ताच्या आत्ता लिहायला बसावंसं वाटतंय. एक शंका. पत्र लिहिणाऱ्या माणसाचं काय? म्हणजे मैत्रिणीचा होणारा नवरा खलनायक करावा का? मला तो चांगलाच हवाय.

तिन्हीसांज

चांगलाच ठेवा. पण पत्रं त्याने लिहिलेली नसावीत. तोही निरक्षरच. १९१७ च्या आधी आलेला, तेव्हा परीक्षा नव्हती. त्याच्यासाठी पत्रं लिहिणारा दुसराच कुणीतरी आहे, शेजारच्या खोलीतला भाडेकरू. कागदफूल, हाच तो मीटरमध्ये नाणं टाकणारा.

कागदफूल

हो! आणि तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. सावरी, पहिलं प्रकरण झालं की इथेच टाका. मैत्रिणीला शिकवायचे चाळीस शब्द कोणते ते आधी ठरवा. परीक्षेच्या कार्डांवर बायबलमधले उतारे असायचे, तिथून सुरुवात करता येईल.